अठरावं बॅरल

मी पत्र्याची पाटी बोलतेय. पिवळ्या रंगावर तांबड्या अक्षरांत, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत माझ्यावर एकच गोष्ट लिहिलीय: घातक कचरा, जपून हाताळा. आता उन्हानं माझा रंग उडालाय आणि बोलायचाही कंटाळा येतो. तरी एकदा सांगून टाकते.

मला शाहूपुरीतल्या एका गाळ्यात पिराजी पेंटरनं रंगवलं. माझं काम आलं तेव्हा तो गाडीमालकाला म्हणाला, "गाडीवरच लिवूया की. टिकंल." नियमही तेच सांगतो, की अक्षरं गाडीच्या सगळ्या बाजूंनी कायम दिसली पाहिजेत. पण मालक अमरसिंह म्हणाला, "पत्र्यावर लिही. काढता-घालता आली पायजे." का, ते पिराजीनं विचारलं नाही. अशा आम्ही चौघी बहिणी झालो. मी मागच्या बाजूची.

निळ्या ट्रकवर मधोमध पांढरा पट्टा होता आणि चालवायला ज्ञानू होता. पन्नाशीला आलेला, कमी बोलणारा. शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यांतून गाळ, जळकं तेल, उरलेलं थिनर बॅरलांत भरायचं आणि पुण्याकडच्या कचरा निवारण प्रकल्पात पोचवायचं, हे त्याचं काम. प्रत्येक खेपेला सात रंगांचे कागद. किती बॅरलं भरली, किती पोचली, सगळं त्यावर.

मागच्या बाजूला असल्यानं मला माणसं जवळून दिसायची. मोटरसायकलवाले वेगात यायचे, मला वाचायचे आणि हळूच मागं राहायचे. काहीजण नाकाला रुमाल लावायचे. धाब्यावर उतरलं की आतून हाक यायची, "पावणं, गाडी जरा लांब लावा." ज्ञानू मग गाडीपाशीच उभ्यानं जेवायचा.

त्याचं गाव बिद्रीकडं. घरी बायको तानाबाई, मुलगी स्नेहल आणि दोन म्हशी. ज्ञानू कधीमधी रिकामी गाडी घेऊन घरी जायचा. एकदा गावात कुणीतरी बोललं, "विषाच्या गाडीवाल्याच्या घरचं दूध." बास. शेजारणींनी दूध न्यायचं बंद केलं. डेअरीवालाही तानाबाईची किटली दोनदा हुंगायला लागला.

तेव्हापासून गावाच्या अलीकडच्या वळणावर ज्ञानू गाडी थांबवायचा, आम्हा चौघींना काढायचा आणि सीटमागं पोत्याखाली ठेवायचा. मला राग आला नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो.

जानेवारीतली गोष्ट. त्या दिवशी स्नेहलला बघायला पाहुणे येणार होते, संध्याकाळी पाचला. शिरोलीत बारापर्यंत माल भरून गाडी बदलीच्या ड्रायव्हरकडं सोपवायची होती, पण तीन वाजले आणि तो वाट बघून निघून गेला. अठरा बॅरलं भरली होती आणि भरलेली गाडी वाट सोडून न्यायची नसते. फोनवर तानाबाई म्हणाली, "पोरीचा बाप घरात नको व्हय?" ज्ञानूनं थोडा वेळ स्टेअरिंगवर कपाळ टेकवलं. मग गाडी पुण्याऐवजी बिद्रीकडं वळवली. वळणावर आम्हाला काढलं.

गाव दोन मैलांवर राहिलं असताना समोरून उसानं भरलेला ट्रॅक्टर आला. मागच्या दोन्ही ट्रॉल्या डुलत होत्या. ज्ञानूनं डावीकडं घेतलं, चाक साइडपट्टीवरून खचलं आणि गाडी चरीत कलंडली. मागचं फाळकं उघडून बॅरलं रस्त्यावर, उसात घरंगळली. दोन फुटली.

"डिझेल सांडलंय!" कुणीतरी ओरडलं.

मग माणसं आली. शेतातून, रस्त्यावरून, कॅन घेऊन, घागरी घेऊन. काहीजण धड बॅरलंच घरंगळवत न्यायला लागले. ज्ञानूच्या कपाळातून रक्त येत होतं. तो ओरडत होता, "हात लावू नका! कचरा हाय त्यो, कारखान्याचा! कातडी जाईल!"

एक तरणा हसला. "मग पाटी कुठं हाय गाडीवर? आमाला येडं समजतोस व्हय? आमी गेलो की सोता भरशील."

ज्ञानू केबिनकडं धावला. पोत्याखाली त्याचा हात माझ्यापर्यंत आला आणि थांबला. गर्दीत त्याच्या गावची माणसं होती. मागं अडकलेल्या गाड्यांत पाहुण्यांची पांढरी गाडी होती. स्नेहलला बघायला आलेला राजवर्धन खाली उतरून बघत होता. ज्ञानूनं त्याला फोटोवरून ओळखलं. आपण घातक कचऱ्याची गाडी चालवतो, हे त्यानं पाहुण्यांना सांगितलं नव्हतं.

खाली एक बाई तेलात ओंजळ घालत होती.

त्यानं मला ओढून काढलं, टपावर चढला आणि डोक्यावर धरलं. "वाचा!" तो ओरडला. आवाज फाटला होता. "वाचाय येतंय न्हवं? मग वाचा की!"

माणसांनी वाचलं. कॅन खाली ठेवले गेले. कुणी मातीनं हात घासायला लागलं. राजवर्धननं पुढं होऊन लोकांना मागं सारलं, पोलिसांना फोन लावला. ज्ञानूनं खोरं मागून घेतलं आणि शेताच्या पाटात तेल जाऊ नये म्हणून मातीचा बांध घातला. पांढरी गाडी मात्र तिथूनच मागं फिरली. आईवडिलांनी राजवर्धनला बोलावून घेतलं.

अंधार पडायच्या आत बॅरलं मोजली. फुटलेली धरून सतरा.

मालकाचा फोन आला. "एक पार फुटून गेलं म्हणून सांग. मिटवून टाक."

"न्हाय मालक," ज्ञानू म्हणाला. "कुणीतरी त्यात पाणी भरंल."

तीन दिवस तो मला काखेत मारून आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर फिरला. दारात उभा राहायचा, मला दाखवायचा, निळं बॅरल आणलंय का विचारायचा. बहुतेकांनी नाही म्हणून दार लोटलं. एकानं कुत्रं सोडलं. ज्या गोष्टीची लाज म्हणून मला लपवलं, तीच घेऊन तो उंबरे झिजवत होता. संध्याकाळी मला भिंतीला टेकवून तो खाली बसायचा आणि बराच वेळ उठायचा नाही.

तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठच्या एका गोठ्यामागं निळं काहीतरी दिसलं. धोंडुबाई नावाची म्हातारी तिथं एकटी राहायची. बॅरल स्वच्छ घासलेलं, पाण्यानं काठोकाठ भरलेलं. शेजारी दोन रेडकं बांधलेली.

"म्हातारे, जनावरांनी प्यालं का ह्यातलं?"

"आत्ता पाजणार हुतो. का रं?"

ज्ञानूनं रेडकं बॅरलापासून लांब ओढली. मग त्यानं मला पुढं केलं.

"मला काय वाचाय येतंय?" म्हातारी म्हणाली. "चांगलं बॅरल पडलंवतं, आणलं. आतली घाण वड्याच्या काठाला वतली. चार येळा धुतलंय, तरी वास काय जाईना."

ज्ञानूनं तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी पाणी कशात भरू?"

दुसऱ्या दिवशी तो घरचं स्टीलचं पिंप घेऊन आला. तानाबाई रागानं म्हणाली होती, "पोरीची सोयरीक गेली, आता पिंप बी घालवा." पण पिंप तिनंच घासून भाड्याच्या टेम्पोत ठेवलं होतं.

अठरावं बॅरल पाण्यासकट झाकण लावून प्रकल्पात गेलं. कागदावर अठराचा आकडा खरा झाला.

पुढं चौकशी झाली. अधिकाऱ्यांनी लिहिलं: गाडीवर पाट्या नव्हत्या, चालकानं ठरलेला मार्ग सोडला. ज्ञानू म्हणाला, "दोन्ही खरं हाय, साहेब." आणि सही केली. मालकाला नोटीस गेली, मालकानं ज्ञानूला काढलं. ट्रकवर आता थेट अक्षरं रंगवलीत, पिराजी म्हणाला होता तशी. राजवर्धनच्या घरून निरोप आला, पुढच्या वर्षी बघू. स्नेहल बापाला एवढंच म्हणाली, "पप्पा, बरं झालं तुमीच सांगितलं." मग दोघं जेवायला बसले.

आता ज्ञानू दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरवर रोजानं जातो.

आणि मी? ओढ्याच्या काठाला, जिथं म्हातारीनं ती घाण ओतली, तिथं ज्ञानूनं मला बाभळीच्या खुंटाला ठोकलंय. अधिकाऱ्यांनी बाटलीत माती नेली. अहवाल आला की इथली माती उचलू, म्हणाले. पावसाळा येऊन गेला, दिवाळी झाली. माती इथंच आहे, मी पण इथंच आहे. ऊसतोडणीवाले माझ्यावर सदरे टांगतात. मला चालतं. फक्त टांगण्याआधी वाचा, एवढंच मागणं.

काल काही बाया गवताला आल्या होत्या. विळा घेऊन एकजण माझ्यापाशी वाकली. तेवढ्यात गोठ्यातून धोंडुबाईचा खणखणीत आवाज आला, "ए पोरी, हिकडचं गवत कापायचं न्हाय! पाटी दिसंना व्हय तुला?"

पोरगी उठली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला गेली.