मागे जोडायचा दाखला

शेलूबाजारच्या शाळेत इंग्रजी शब्दांची मुळं सांगणारा मी एकटाच होतो आणि त्याचा मला माज होता. चौऱ्याहत्तर साली माझी जुनी विद्यार्थिनी पंचफुला केंद्र सरकारच्या एका खात्यातल्या कारकुनीचा फॉर्म घेऊन घरी आली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, जातीचा दाखला ‘अपेंड’ करा.

“सर, अपेंड म्हंजे?”

“जोडणं. मूळ लॅटिन. एका वस्तूला दुसरी टांगणं.”

मग मी अर्धा तास त्या शब्दाच्या सात पिढ्या सांगितल्या.

“पन जोडू काय, सर? दाखल्यावर ‘हिंदू महार’ पायजे. बौद्ध लिवलं त दिल्लीवाले सवलत देत नाई. आन् बाबा त्याले नाई म्हनते.”

तिचे बाबा देवमन छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि आल्या दिवशीच घरातले देव त्यांनी नदीत सोडले. अशा माणसाला मी शहाणपण शिकवायला गेलो. माझ्या जातीचा दाखला मला आयुष्यात कुणी मागितला नव्हता. सल्ला द्यायला माझं काय जात होतं?

“देवमनभाऊ, अर्ज मुख्य. मागे टांगलेला कागद कोण पाहतो? नोकरी लागली की विसरून जा.”

त्यांनी एकदा पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तहसिलीत जाऊन त्यांनी शपथेवर लिहून दिलं, आम्ही हिंदू आहोत.

पंचफुलाला नोकरी लागली. पेढे सगळ्यांत आधी माझ्याकडे आले, आणि मी ते मिटक्या मारत खाल्ले.

त्या दसऱ्याला त्यांच्या वस्तीत मला मानाची खुर्ची होती. बावीस प्रतिज्ञा दरवर्षी देवमनच सांगत आणि बाकीचे त्यांच्यामागून म्हणत. त्यांचा आवाज खणखणीत, पुस्तक कधी लागत नसे. खोटं न बोलण्याची प्रतिज्ञा आली आणि ते थांबले. लोकांना वाटलं, विसरले. पहिल्या रांगेतून वस्तीतल्याच शालिग्राम नावाच्या पोरानं हळूच शब्द सांगितले.

“ठाऊक हाय मले,” देवमन म्हणाले. “तू सांग आता सगळ्यायले. माह्या तोंडी हे शोभत नाई.”

ते खाली उतरले आणि पार मागे, चपला काढल्या होत्या तिथं जाऊन बसले. मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि गळ्यात त्यांनीच घातलेला हार होता.