एकेचाळीस रफार

मित्रांनो, मी एका पुस्तकाची जुनी प्रत आहे, आणि आधीच सांगते, मी रागावलेली आहे. जुन्या वस्तू गोड गोड बोलतात, आठवणी काढून डोळे पुसतात, असं तुम्हाला वाटत असेल. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

मला लिहिणारे काका सलूनमध्ये मुलांचे केस कापतात. कानाजवळ कात्री आली की मुलं मान झटकतात, म्हणून काका एक गोष्ट सांगायचे. एका सिंहाला आयाळ कापून घ्यायची फार भीती वाटत असते. गोष्ट ऐन रंगात आली की खुर्चीतलं मूल श्वास रोखून बसायचं आणि तेवढ्यात कानामागचं काम उरकायचं. वीस वर्षं सांगून सांगून ती गोष्ट अगदी घोटीव झाली होती. एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी मुलं ओरडायची, "काका, चुकलं!" शेवटी काकांनी ती वहीत उतरवली आणि काकूंनी चित्रं काढली.

दोघं प्रकाशकांकडे गेले. एकाने विचारलं, "शिक्षण किती झालंय तुमचं?" दुसऱ्याने वही उघडलीसुद्धा नाही. तेव्हा काका म्हणाले, "राहू दे. आपलं आपण छापू."

टाइप करून देणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर काकांनी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली आणि होकार दिला. तिथे सगळं ठीक होतं. छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर मात्र तो फॉन्टच नव्हता. फाइल उघडली आणि एकूण एक रफार गळून पडला. छापणाऱ्याने एकदा तरी नजर टाकावी की नाही? छे! आम्ही तीनशे बहिणी तशाच यंत्रातून बाहेर पडलो. सिंहाने 'गजना' केली. सिंहाची 'अधी' आयाळ कापली. 'सव' प्राणी हसले. कसला डोंबलाचा सिंह! त्याची गर्जनाच यांनी काढून घेतली.

काका मला घेऊन छापखान्याच्या मालकांकडे धावले. मालक चहा पीत होते. म्हणाले, "अहो, लहान मुलांचंच तर पुस्तक आहे! चित्रं बघतील, पानं फाडतील. रफार कोण मोजत बसलंय?"

मित्रांनो, तो 'तर' मला आजही झोंबतो. मोठ्यांच्या लग्नपत्रिकेत एक वेलांटी चुकली असती, तर हाच माणूस हात जोडत उभा राहिला असता.

पण काका भिडस्त. ते मान खाली घालून घरी आले. काकू भडकल्या. "त्याच्या पाटीवर 'प्रिंटर्स' लिहिलंय ना? त्यातला रफार खरवडून येते मी!"

"जाऊ दे गं," काका म्हणाले. त्यांनी बारीक टोकाचं काळं पेन आणलं आणि दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात रफार द्यायला बसले. एका प्रतीत एकेचाळीस. अशा तीनशे प्रती. मला तर काकांचाही राग येत होता. दुसऱ्याची घाण हा माणूस का निस्तरतोय?

मग आम्ही पुस्तकांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मला उघडलं आणि नाक मुरडलं. "यात पेनाने लिहिलंय. वापरलेली पुस्तकं आम्ही ठेवत नाही. आणि स्वतःच छापलंय म्हणता? तरीच!" झाली बिनपाण्याने हजामत, तीही हजामत करणाऱ्याची! काकांनी आमचे गठ्ठे सलूनच्या कोपऱ्यात आणून टाकले आणि रद्दीवाल्याला निरोप धाडला. "पुन्हा म्हणून लिहायचा नाही मी," एवढंच ते बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी केस कापायला आली. तिने गठ्ठ्यातून मला ओढलं आणि खुर्चीत बसून मोठ्याने वाचू लागली. नवव्या पानावर ती थांबली.

"काका, सिंहाभोवती 'गदी' जमली म्हणजे काय जमलं?"

काकांची कात्री थांबली. एक रफार राहून गेला होता. "गर्दी गं. रफार द्यायचा राहिला."

"म्हणजे बाकीचे तुम्ही दिलेत? सगळ्या पुस्तकांत?"

"सगळ्या."

तिने गठ्ठ्यांकडे पाहिलं. "मग छापणाऱ्याने काय केलं?"

काकू दारातून म्हणाल्या, "त्याने चहा प्यायला, बाळा."

मुलीचे केस कापून होताच काकांनी कात्री ठेवली, दुकान काकूंवर सोपवलं आणि मला काखोटीला मारून थेट छापखाना गाठला. गिऱ्हाइकांची गर्दी होती. काकांनी मला नवव्या पानावर उघडून मालकांपुढे ठेवलं.

"वाचा. मोठ्याने."

मालक हसले. काका हसले नाहीत. मालकांनी सुरुवात केली, 'गदी'शी अडखळले, पुन्हा वाचलं, पुन्हा अडखळले. मागे उभा असलेला एकजण फस्सकन हसला. मालकांचे कान लाल झाले.

"फाइल पाठवा," ते पुटपुटले. "पुन्हा छापून देतो."

"पाठवतो. आणि या वेळी छापायच्या आधी इथे बसून मी वाचणार."

नव्या तीनशे प्रती मुलांच्या हातात गेल्या. मी मात्र सलूनमध्येच आहे, आरशाखाली. राग म्हणाल तर अजून तसाच आहे. मित्रांनो, पुस्तकं जपा, पानं दुमडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळंच सांगते. लहानांना काय कळतंय म्हणून कोणी उरलंसुरलं, चुकलंमाकलं तुमच्यापुढे सरकवलं, तर ते मुकाट घेऊ नका. परत करा.