मूळ प्रत

"काका, परत अडकलं," गोरख म्हणाला.

भोरमधल्या दुकानाच्या भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीत चोवीस वर्षांपूर्वीचा गोरख मुंडावळ्या बांधून घोड्यावर बसला होता. घोड्याचा एक पाय हवेत होता आणि गोरखच्या तोंडावर पांढरी चकती गरगर फिरत होती.

"अडकू दे की," हातातल्या रिमोटची पाठ उघडता उघडता झुल्फिकार आतार म्हणाला. "पुढं काय झालं ते तुला ठावं न्हाई व्हय? लग्न तुझंच हाय."

"तसं न्हाई, पर सोमनाथकडं मोबाईलवर कसं सटासट पळतंय."

"मग सोमनाथकडं जा. तो तुला घोड्यासकट ढगात उडवून दाखवील."

गोरख भाटघरचा. पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि शूटिंगची सुपारी त्यानं सोमनाथला आधीच दिली होती, हे झुल्फिकारला माहीत होतं. सोमनाथकडं ड्रोन होता. त्याच्या व्हिडिओत नवरी जिना उतरायला लागली की गाणं संपेपर्यंत उतरतच असायची. गोरखनं घोड्याच्या हवेतल्या पायाकडं आणखी थोडा वेळ पाहिलं, मोबाईल काढून टीव्हीचाच एक फोटो घेतला आणि तो निघून गेला. टीव्हीचा फोटो काढणारी ही माणसं. झुल्फिकारनं रिमोटमधले गंजलेले सेल कचऱ्याच्या डब्यात फेकले.

भोर-वेल्ह्यातली लग्नं त्यानं तीस वर्षं शूट केली होती. जीपच्या टपावर लाईट बांधून तो पार केळदपर्यंत गेला होता. बाकीचे शूटिंगवाले एकाच टेपवर आधीचं लग्न पुसून पुढचं उरकत. यानं एकही टेप पुसली नाही. लोकांच्या हातात सीडी देताना तो बजावायचा, "ही नक्कल हाय. मूळ माझ्याकडं." लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन त्याच सीडीवर चहाचा कप ठेवायचे. टेप चालवणारा शेवटचा कॅमेरा कुरकुरायला लागला तेव्हा त्यानं सात महिने बसून सगळ्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवल्या, जशाच्या तशा, काहीही न गाळता. आतल्या खोलीत तो कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून दिवसभर चालू असायचा आणि दुकानातल्या टीव्हीवर गावाचं नाव निवडलं की लग्न समोर यायचं. दारावर पाटी होती: 'आपले लग्न मूळ दर्जात पाहा. मोफत.'

लोक यायचेही. आपल्याच तोंडाकडं बघायचे, कोण कोण मेलं ते मोजायचे आणि अडकतंय म्हणून तक्रार करायचे.

का अडकतं ते अम्रीननं, त्याच्या मुलीनं, पुण्याहून फोनवर दहादा सांगितलं होतं. ती कॉम्प्युटरच्याच नोकरीत होती.

"अब्बा, तुमच्या त्या मूळ फाईली टीव्हीला कळतच नाहीत. म्हणून सर्व्हर त्या चालता चालता टीव्हीला कळतील अशा करून पाठवतो. त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. तुमचा कॉम्प्युटर म्हातारा, त्याला दम लागतो. पाहुणे पानावर बसल्यावर तांदूळ निवडायला घेतले तर काय होणार? एकदा बसून सगळ्यांची लहान कॉपी करून ठेवा. टीव्ही ती थेट चालवेल. सर्व्हरनं नुसती फाईल द्यायची."

"लहान म्हंजे चोथा."

"मूळ फाईल कुठं जातीय? ती राहतेच की."

"मग लोक चोथाच बघत बसतील. शालूच्या काठातले मोर दिसले पायजेत मला."

"लोकांना मोर बघायचे नसतात, अब्बा."

"म्हणून तर लोक तसले हायत," असं म्हणून त्यानं फोन ठेवला होता.

एप्रिलातल्या एका सकाळी साडेअकराच्या सुमाराला एक म्हातारी आणि एक मुलगी दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. मुलीनं पाटी पुन्हा एकदा वाचली.

"लग्न बघायला मिळतं ते हितंच का?"

"कुठलं गाव?"

"पासली. माझ्या आईचं लग्न. सुलक्षणा. ही माझी आज्जी, फुलाबाई. मी प्रेरणा."

"दोन हजार सहा, मे महिना," झुल्फिकार लगेच म्हणाला. "मांडवाला निळं कापड लावलं व्हतं तुमी. निळ्या कापडाखाली माणसं आजारी दिसत्यात. म्या तवाच सांगितलं व्हतं, पर आयकतंय कोण? दुपारी लाईट गेली आन् जनरेटर वेल्ह्यास्नं येईस्तवर नवरी अंधारात बसली."

"व्हय," फुलाबाई म्हणाल्या. एवढ्या वर्षांनी कुणाला तरी ते आठवतं याचंच त्यांना बरं वाटलं असावं. "तीच माजी लेक."

त्यांनी मग थोडक्यात सांगितलं. प्रेरणा वर्षाची असताना सुलक्षणा काविळीनं गेली. जावयानं, धनाजीनं, दुसरं लग्न केलं. नात पासलीतच वाढली. लग्नाची सीडी सासरी होती, ती नवी बाई आल्यावर कुठं गेली कुणास ठाऊक. प्रेरणाची बारावीची परीक्षा झाली होती आणि जूनमध्ये ती नर्सिंगला पुण्याला जाणार होती.

"सगळे म्हणतात माझा आवाज आईसारखा आहे," प्रेरणा म्हणाली. "आज्जी पण म्हणते. मला एकदा ऐकायचाय. लग्नात आईनं उखाणा घेतला होता म्हणे."

"उखाणा हाय," झुल्फिकार म्हणाला. "माईक नवरीच्या जवळ धरला व्हता म्या. आवाज एक नंबर हाय. बसा."

त्यानं खुर्च्या टीव्हीसमोर ओढल्या आणि दाराचा पडदा सारला. पासली निवडलं. निळा मांडव उघडला, दोन पावलं हलला आणि थांबला. चकती फिरली. पुन्हा दोन पावलं.

"जरा दम धरा. मोठी फाईल हाय," तो म्हणाला.

त्यानं उडी मारून उखाण्याची जागा काढली. शालू नेसलेली बारीक अंगाची मुलगी, शेजारी टोपीतला धनाजी. कुणीतरी बाई म्हणाली, "घे गं घे." मुलीनं तोंड उघडलं. "डोंगरामा..." चकती. "...गं डों..." चकती. फुलाबाई पुढं वाकल्या. आवाज होता, पण पाटा-वरवंट्याखाली सापडल्यासारखा, तुकड्या-तुकड्यानं.

झुल्फिकारची बायको रहमतबी आतून पाणी घेऊन आली. तिनं एकदा टीव्हीकडं आणि एकदा पाहुण्यांकडं पाहिलं.

"आत नेऊन कॉम्प्युटरवर दाखवा की. तिथं कवा अडकत न्हाई."

"त्या पिवळ्या पडलेल्या मॉनिटरवर?" तो म्हणाला. "माझं काम तसलं दाखवायचं? तू जा आत."

प्रेरणानं हळूच विचारलं, "काका, माझ्या मोबाईलवर देता येईल का? बारीक करून दिलं तरी चालेल. वाटलं तर माझा नंबर घ्या, नंतर पाठवा. पासलीत रेंज नाही येत, पण वेल्ह्याला आले की उतरवून घेईन."

"म्या लग्नं व्हॉट्सॲपवर पाठवत न्हाई. तेवढ्याश्या काचंवर काय दिसतंय? बघायचं तर नीट बघा, न्हाईतर बघू नका."

तो उखाणा पुन्हा पहिल्यापासून लावायला गेला. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा. चौथ्यांदा चित्र थांबलं ते थांबलंच. सुलक्षणाचे डोळे अर्धे मिटलेले, तोंड थोडं उघडं, मान बाजूला कललेली आणि सगळ्या चेहऱ्यावर त्या मांडवाचा निळा रंग. तो मोठा टीव्ही होता, त्यामुळं चेहराही मोठा होता.

फुलाबाई उठल्या.

"बंद करा ते."

"आत्ता सुरू व्हईल. एक मिनिट."

"बंद करा, बाबा. दवाखान्यात अशीच निजली व्हती ती. शेवटाला. पुन्यांदा अशी बगायला न्हाई आले म्या."

झुल्फिकारनं रिमोट दाबला. पडदा काळा झाला.

"पुढच्या आठवड्यात नवा कॉम्प्युटर आणतो," तो म्हणाला. "मग या."

"भाताच्या रोपासाठी राब भाजायचं काम पडलंय. ही बी आता तयारीला लागंल. पुन्हा येणं कुटलं?" त्यांनी पदर खांद्यावरून घेतला. आवाज चढवला नाही. "आमाला तुमचं काम न्हाई बगायचं व्हतं. तिचं बोलणं आयकायचं व्हतं."

दोघी पायरी उतरून स्टँडच्या दिशेनं गेल्या. प्रेरणानं वळून पाहिलं नाही.

झुल्फिकार काउंटरमागं बसून राहिला. अशी माणसं, असं म्हणायला त्यानं मनात सुरुवात केली, पण पुढचं काही सुचेना. मग तो आतल्या खोलीत गेला, पिवळ्या मॉनिटरवरची धूळ हातानं पुसली आणि तीच फाईल तिथंच उघडली. एकदाही अडखळली नाही. कॉम्प्युटरनं आपल्याच पोटातली फाईल आपल्याच पडद्यावर चालवली. कुणासाठी काही बदलायचंच नव्हतं. "डोंगरामागं डोंगर, मधी पासली गाव," सुलक्षणा म्हणाली. ती मध्येच हसली, कुणीतरी तिला चिमटा काढला असणार, आणि मग तिनं पुरं केलं, "आई समोर बसली तरी घेते धनाजीरावांचं नाव."

शालूच्या काठावर मोर होते. त्यानं ते पाहिले. त्याला स्वतःची एवढी किळस यापूर्वी कधी आली नव्हती. दहा पावलांवर ही खोली होती. दोन खुर्च्या आत आणायच्या होत्या, एवढंच.

रहमतबी दारात उभी होती.

त्यानं अम्रीनला फोन लावला.

"ते बारीक करायचं कसं असतं?"

"कशासाठी?" तिचा विश्वास बसेना.

"तू सांग फक्त. दोन मिनिटांचा तुकडा हाय. साध्या मोबाईलवर चालला पायजे."

तिनं एकेक पायरी सांगितली. कुठं दाबायचं, कुठून कापायचं, कुठला आकार निवडायचा. तो आकार ऐकून त्याच्या तोंडात शिवी आली, ती त्यानं गिळली. कॉम्प्युटर कण्हत कण्हत चालला. अम्रीन फोनवरच थांबली. काम झाल्यावर तिनं विचारलं, "अब्बा, कोण आलं होतं?"

"गिऱ्हाईक," तो म्हणाला.

फाईल आपल्या मोबाईलवर घेऊन तो स्कूटरनं स्टँडवर पोचला, तर गाडी गेलेली. नंबर घेतलेला नव्हता. ज्या नंबरावर एका बोटानं ते पाठवता आलं असतं, तो नंबर ती मुलगी स्वतः देत होती. वेल्ह्याची गाडी धरायला दोघी हायवेवर चेलाडीला उतरणार, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यानं स्कूटर कापूरहोळच्या रस्त्याला घातली. दुपारचं ऊन डांबरातून वर येत होतं. हायवेला लागल्यावर ट्रकांच्या कडेनं तो जीव मुठीत धरून चालला होता. या वयात, एका चोथ्यासाठी.

चेलाडीच्या फाट्यावर उसाच्या गुऱ्हाळाशेजारी दोघी सावलीत बसल्या होत्या. त्याला बघून प्रेरणा उभी राहिली. काही राहिलं का, म्हणून तिनं आधी आपली पिशवी चाचपली.

"मोबाईल दे तुझा," तो म्हणाला. धाप लागल्यामुळं त्याला पुढचं बोलता आलं नाही.

त्यानं फाईल तिच्या मोबाईलवर टाकली. तिच्या मोबाईलची काच कोपऱ्यातून तडकलेली होती. चित्र सुरू झालं, तळहाताएवढं. त्यात मोर नव्हते, काठही नव्हता. शालूच्या जागी एक लाल डाग होता आणि नवरीचं तोंड हललं की त्याचे चौकोन चौकोन व्हायचे. झुल्फिकारनं ते सगळं पाहिलं. पण ते अडकलं नाही. एकदाही नाही.

फाट्यावर हॉर्न वाजत होते. गुऱ्हाळाचं इंजिन धडधडत होतं. फुलाबाईंनी नातीच्या हातातून मोबाईल घेतला आणि चित्राकडं न बघता सरळ कानाला लावला. डोळे समोरच्या रस्त्यावर. तुकडा संपला की त्या मोबाईल पुढं करायच्या, प्रेरणा पुन्हा लावून द्यायची. असं तीनदा झालं. चौथ्यांदा प्रेरणानं स्वतः कान लावला. डोळे मिटून तिनं पूर्ण ऐकलं.

"आज्जी, सारखा आहे का गं?"

फुलाबाईंनी मोबाईल पुन्हा आपल्या हातात घेतला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "येगळाच हाय. तिचा लई बारीक व्हता." आणि मग थोड्या वेळानं, "म्या इसरले व्हते."

प्रेरणानं मान हलवली. तिनं आज्जीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. झुल्फिकार स्कूटरच्या आरशावरची धूळ पुसत उभा राहिला. काहीतरी म्हणायला हवं असं त्याला वाटलं, पण निळ्या मांडवाबद्दल सोडून त्याच्याकडं म्हणण्यासारखं काही नव्हतं.

वेल्ह्याची गाडी आली. गर्दी नव्हती. प्रेरणानं आज्जीला दंडाला धरून वर चढवलं. तिनं खिडकीतून झुल्फिकारला हात केला, त्यानंही केला. फुलाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं नाही. त्यांनी मोबाईल पुन्हा कानाला लावला होता. कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन त्यांच्या सीटशी आला आणि कुठं जायचं म्हणून विचारू लागला, तेव्हा त्यांनी न बोलता हाताचा पंजा वर केला आणि त्याला जरा थांबायला सांगितलं.