कमी केलेली अकरा नावं

मी हजेरीपट. दहावी ‘ब’चा. बोलायची मला सवय नाही. इतरांनी बोलायचं आणि मी ऐकायचं, असाच माझा जन्म गेला. शिक्षणही बेताचंच. नावं, हजर आणि गैरहजर, यापलीकडे मला फारसं वाचता येत नाही. पण आता वेळ थोडा उरलाय, म्हणून जमेल तसं सांगतो.

छापखान्यात माझ्या अंगावर रेघा पडल्या आणि खळीच्या वासात मी बांधला गेलो. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी वर्गशिक्षिका बाईंनी मला घरी नेलं. खाकी कागद चढवला, पाठीला निळ्या कापडाची पट्टी शिवली. मग जेवणाच्या टेबलावर बसून चोपन्न नावं लिहिली.

त्यांचे मिस्टर म्हणाले, “अगं, नावं नुसती लिहायची असतात. कोरत काय बसलीस?”

“ज्याचं त्याला एकच असतं हो,” बाई म्हणाल्या आणि पुढचं नाव लिहू लागल्या.

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं चांगलं वर्ष. रोज सकाळी चोपन्न आवाज ऐकायचे. कुणी ओरडून हजेरी द्यायचा, कुणी बाकाखाली चप्पल शोधता शोधता. एक पठ्ठ्या तर मित्राची हजेरीसुद्धा आवाज बदलून द्यायचा. बाई दोघांनाही हजर मांडायच्या आणि न आलेल्याला फळ्याजवळ बोलवायच्या. वर्ग हसून लोटपोट व्हायचा.

परीक्षेचे अर्ज भरायच्या आधी सराव परीक्षा झाली आणि अकरा मुलं बऱ्याच विषयांत गडगडली. मुख्याध्यापकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या सरांनी, एकेकाच्या पालकांना बोलावलं. मी टेबलावर उघडा होतो. सर कुणावर ओरडले नाहीत. खुर्ची दिली, पाणी विचारलं आणि सांगितलं, “मुलाला बाहेरून परीक्षेला बसवा. शाळेतून नापास झाला तर त्यालाच शरम. नाव काढायचा अर्ज तयार आहे, तुम्ही फक्त सही करा. आणि उगाच बाहेर चर्चा नको.”

अकरा सह्या झाल्या. मग बाईंनी लाल पेन घेतलं. पट्टी लावूनसुद्धा रेघा सरळ आल्या नाहीत. प्रत्येक रेघेपुढे एकच शेरा लिहिला: नाव कमी केले.

उरलेले त्रेचाळीस सगळे पास झाले. शाळेबाहेर शंभर टक्क्यांचा फलक लागला, सरांचा सत्कार झाला. माझं काम संपलं. आधी कपाटात गेलो, तिथे जागा कमी पडली तेव्हा शिपाईकाकांनी मला आणि आणखी तीन हजेरीपटांना कार्यालयातल्या खुर्चीवर रचलं. तिची बैठक फाटली होती. मी सगळ्यात वर. माझ्यावर लोक बसू लागले.

तीन वर्षांनी एक ताई आली. स्वतः शिक्षिका, रजा काढून पीएच.डी. करणारी. मुख्याध्यापकाचं नेतृत्व, सगळ्यांना समान संधी आणि विद्यार्थ्यांचं यश, असा तिचा विषय. गरीब वस्तीतली शाळा शंभर टक्के निकाल कसा लावते, हे तिला शोधायचं होतं. सहा वर्षं ती या कामात होती. त्यातले शेवटचे सहा महिने आमच्या शाळेत गेले आणि ते तिने माझ्यावर बसून काढले.

हसू नका. तिचं उत्तर तिच्या बुडाखाली होतं आणि मला तोंड नव्हतं.

पोर कामाची खरी. प्रश्न नम्रपणे विचारायची, उत्तर पुरं होईपर्यंत मध्ये बोलायची नाही. पण एक चूक तिच्याकडून झाली. जुन्या मुलांची यादी हवी म्हणाली, तेव्हा कारकुनाने निकालपत्र दिलं, कारण तेच हाताशी होतं. तिने त्रेचाळीस नावं उतरवून घेतली. त्रेचाळीस जणांना गाठून प्रश्नावली भरून घेतली. ‘आमच्या मुख्याध्यापकांनी प्रत्येकाला समान संधी दिली.’ एक्केचाळीस जणांनी ‘पूर्ण सहमत’वर खूण केली. ती आनंदाने फोनवर तिच्या मार्गदर्शकांना आकडे वाचून दाखवायची. मी खाली गुदमरायचो. अगं, पास झालेल्यांनाच विचारतेस तू! बाकीच्यांना कोण विचारणार? ओरडून ओरडून सांगावंसं वाटायचं. पण कागदाची काय फडफड होणार, वर माणूस बसलेलं असताना?

मग काल तिचा शाळेतला शेवटचा दिवस आला. प्रबंध बांधून तयार होता. शाळेचं पत्र आणि शिक्का मिळाला की आज जमा करायचा. त्यापुढे मुदतवाढ नव्हती, आधीच दोनदा घेऊन झाली होती. ती माझ्यावर बसून शिक्क्याची वाट बघत होती, तेवढ्यात बाई कशासाठी तरी कार्यालयात आल्या. त्यांना खुर्चीच्या कडेने डोकावणारी निळी पट्टी दिसली.

“ताई, जरा उठता का?”

“का हो बाई?”

“तुम्ही माझ्या मुलांवर बसलाय.”

ताई दचकून उठली. बाईंनी मला पदराने पुसलं. बराच वेळ हातात धरून ठेवलं आणि मग ताईच्या हातात दिलं. ताईने पानं उलटली. लाल रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

ती मला घेऊन मोठ्या सरांकडे गेली. “सर, ही अकरा मुलं?”

सर शांतपणे म्हणाले, “निकाल पडला असता तर तुकडीची मान्यता गेली असती. चोपन्न बुडण्यापेक्षा त्रेचाळीस वाचवले. पालकांच्या सह्या आहेत.”

“मुलांना विचारलं होतं?”

“तुम्ही विचारलंत?” सर म्हणाले. “सहा महिने इथेच होतात की.”

ते खरंच होतं.

“मला हे लिहावं लागेल, सर.”

“लिहा. मग परवानगी मी मागे घेतो. या शाळेतली एक ओळ तुम्हाला वापरता येणार नाही. आणि न लिहिता जायचं असेल तर शिक्का हा इथे आहे.”

तिने मार्गदर्शकांना फोन लावला. ते म्हणाले, “वेडेपणा करू नकोस. आधी जमा कर, पदवी पदरात पाड, मग काय सुधारायचं ते सुधार.” घरी लावला. तिची आई म्हणाली, “बाळा, सहा वर्षं गं! तुझ्या पोरांना मी सांभाळलं, ते कशासाठी? दे की जमा करून एकदाचं.”

पत्र टेबलावर होतं, शिक्का शेजारी. मग माझ्या शेवटच्या पानावरून, जिथे पालकांचे नंबर लिहिलेले असतात, तिने अकरा नंबर एका कागदावर उतरवून घेतले आणि पत्र तिथेच ठेवून ती बाहेर पडली.

आज सकाळी सरांनी जुने कागद रद्दीत काढायला सांगितले. शिपाईकाकांनी मला गोणीत घातलंय. गोण व्हरांड्यात आहे, टेम्पो यायचाय. आणि बघा, ताई आज परत येऊन शाळेच्या पायऱ्यांवर बसलीय. घरात तिचं मन लागत नसावं. जमा करायची वेळ टळून गेली. मांडीवर तो कागद आहे.

तिने पहिला नंबर लावला. फोनमधला आवाज मला इथवर ऐकू आला, कुणाची तरी आई होती.

“शाळेतून? आम्ही कुणाजवळ बोललो नाही हो बाई. सरांना सांगा, एक शब्द नाही बोललो.”

“मावशी, मला सरांनी नाही पाठवलं. मला फक्त तुमच्या मुलीला विचारायचंय—”

“ती कामावर गेलीय. तिला नका काही विचारू. आता कुठे सावरलीय ती.”

फोन बंद झाला. दुसरा नंबर लागलाच नाही. ताईने ओढणीने डोळे पुसले. तिचा प्रबंध गेला, रजा संपली, यातून आता तिला काहीही मिळायचं नाही. तरी तिचं बोट तिसऱ्या नंबरावर गेलंय.

टेम्पोचा आवाज येतोय. काका गोणीचं तोंड आवळताहेत. ताई, एकच सांगतो, ऐकू गेलं तर बघ. तो तिसरा मुलगा अडखळत बोलतो. ‘हजर’ म्हणायलासुद्धा त्याला वेळ लागायचा, आणि बाई पेन हातात धरून थांबायच्या. त्यानेच उचलला आणि पलीकडून काहीच ऐकू आलं नाही, तर फोन ठेवू नकोस पोरी. तो तिथेच असेल.