घामाला शाबासकी

मी एक जुना वजनकाटा आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. मित्रांनो, लोखंडाला राग येत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर ते साफ खोटं आहे.

पायाशी चौकोनी पाट, वर उंच दांडा आणि टोकाला गोल तबकडी, असा माझा थाट. कारखान्यातून निघालो तो थेट धान्याच्या गोदामात गेलो. हमाल म्हणायचे, "हा गडी खोटं बोलायचा नाही." केवढा मान होता तेव्हा! पुढे गोदाम बंद पडलं आणि मला धावपटू मुलींच्या मैदानावर, कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या पडवीत आणून उभं केलं. तिथे माझं नशीब फुटलं.

तिथले प्रशिक्षक सरावाआधी मुलींचं वजन करत आणि सरावानंतर पुन्हा करत. खरं तर ही सवय चांगली. किती घटलं त्यावरून किती पाणी प्यायचं ते कळतं. पण सर पाण्याचा घोट घेऊ देत नसत. वजन उतरलं की पाठीवर थाप, "शाबास! चरबी जळाली." अहो, कसली चरबी? तासाभरात उतरतो तो घाम! पाणी प्यायलं की परत येणारा. घामाला कसली शाबासकी देता?

त्या मुलींत भिंगरी नावाची एक पोर होती. लांब पल्ल्याची धावणारी. तिला संघात जायचं होतं, त्यासाठी पोर जिवाचं रान करत होती. निवडीची शर्यत जवळ आली तसे सर म्हणाले, "भिंगरे, पोतं झालंय तुझं. वजन उतरव, नाहीतर संघ विसर."

पोतं! मी उभी हयात पोती तोलली आहेत. पोत्याच्या बरगड्या दिसत नाहीत.

पोरीने भात सोडला, बटाटा सोडला, केळंसुद्धा सोडलं. तिची मावशी डबा घेऊन यायची.

"अगं, दोन घास तरी खा."

"नको गं मावशी. काटा बघ ना, खाली आलाय!"

माझं नाव पुढे करून ती उपाशी राहायची. संतापाने माझी स्प्रिंग तुटायची बाकी होती.

शर्यतीच्या दिवशी वजन अगदी सरांच्या मनासारखं भरलं. शेवटच्या फेऱ्यांत भिंगरी झोकांड्या खाऊ लागली आणि कोसळली. तिला उचलून माझ्या शेजारच्या बाकावर निजवलं. मैदानावरच्या डॉक्टरबाई धावत आल्या.

"काय खाल्लं होतं हिने?"

"नुसता चहा," मावशी रडत म्हणाली. "कालही उपाशीच निजली."

"पण वजन तर बरोबर होतं," सर पुटपुटले.

बाई कडाडल्या. "वजनावर धावतं का कुणी? स्नायूंत आणि यकृतात साखर साठलेली असते. ती भात-बटाट्यातून येते. जोरात पळताना तीच जास्त जळते. साखर म्हणजे काटक्या, चरबी म्हणजे जाडा ओंडका, जळते पण सावकाश. काटक्या संपल्यावर नुसत्या ओंडक्यावर चूल पेटती राहील का? साखर संपली, तिने धरून ठेवलेलं पाणीही गेलं. तुम्ही उतरवलंत ते हे!"

"आम्हीही असेच घडलो, बाई. पाण्यावाचून."

"घडलात कसले? वाचलात!"

भिंगरी बरी झाली. पण त्या वर्षीचा संघ गेला तो गेलाच. आणि सरांनी खापर फोडलं कुणावर? माझ्यावर! "हा काटाच जुना झालाय," म्हणे. चोराच्या उलट्या बोंबा.

महिन्याभराने ती पुन्हा मैदानावर आली. सर म्हणाले, "आधी काट्यावर चढ."

तिने माझ्याकडे पाठ केली आणि माझ्या पाटावरच बसकण मारली. डबा उघडला. "आधी जेवते, सर. संध्याकाळी पळते. मध्ये पाणीही पिणार. वजन हवंच असेल तर बघा तुमचं तुम्ही."

माझा काटा वर सरकला होता. सर पुढे आले, थांबले, आणि तबकडीकडे न बघताच बाहेर निघून गेले.

मित्रांनो, नीट जेवा. मग पोटाला वेळ देऊन पळा, तहान मारू नका, आणि पळून आल्यावर पुन्हा खा. माझ्याकडे बोट दाखवून कुणी तुम्हाला उपाशी ठेवू लागलं, तर त्याच्यासमोर खुशाल माझ्यावर बसून जेवा.