दहाच्या आत

माझे बाबा बाजारात लिलाव पुकारायचे. त्यांची जीभ इतकी चालायची की नवख्या व्यापाऱ्याला भाव कळेपर्यंत माल दुसऱ्याच्या गाडीत चढलेला असायचा. घरीही तोच वेग. आई म्हणायची, "अहो, मी गिऱ्हाईक नाही, जरा सावकाश." मग एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. हातपाय पुष्कळसे परत आले, शब्द आले नाहीत. म्हणजे डोक्यात सगळे होते, तोंडापर्यंत येताना वाट चुकायचे. समोर चमचा धरला तर हा चमचा आहे हे त्यांना पक्कं कळायचं, पण "चमचा" म्हणायला मिनिट लागायचं. त्या मिनिटभरात त्यांच्या कपाळावर येणारा घाम मला बघवत नसे.

स्पीच थेरपिस्ट बाईंनी त्यांच्या केंद्रातला एक लॅपटॉप घरी वापरायला दिला. त्यात व्यायामाचा प्रोग्राम होता. पडद्यावर चित्र येतं, कोपऱ्यात एक गोल फिरतो आणि गोलात आकडा असतो: इतक्या सेकंदांत शब्द म्हणा. म्हटला की डाव्या हाताने बटण दाबायचं, पुढचं चित्र येतं. उशीर झाला तर गोल लाल होतो, बाकी काही नाही. पहिल्या दिवशीचा आकडा साठ. संध्याकाळी प्रोग्राम दिवसभराची सरासरी काढून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच सरासरी गोलात घालायची, म्हणजे माणसाला कालच्या स्वतःशी शर्यत लावता येते.

आता ही "घालायची" भानगड हाताने करायची होती. फोल्डर शोधा, सेटिंगची फाइल नोटपॅडमध्ये उघडा, "वेट" म्हणजे थांबा, त्या नावाच्या ओळीपुढचा आकडा बदला, सेव्ह करा. आईने एकदाच केलं आणि अख्खी फाइल कोरी करून ठेवली. तेव्हा आमचे हे पुढे सरसावले. हे एका विमा कंपनीत शंभरेक कॉम्प्युटर सांभाळतात. त्यांनी एक बॅच फाइल, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी, लिहून दिली. लॅपटॉप सुरू झाला की क्षणभर एक काळी खिडकी चमकते, कालची सरासरी उचलते, सेटिंगची फाइल नव्याने लिहिते आणि मिटते. आईने फक्त चालू करायचं. मी ह्यांचं कौतुक फारसं करत नाही, डोक्यावर बसतात. पण त्या दिवशी केलं होतं.

आणि आकडा उतरू लागला. पन्नास, अडतीस, एकवीस. रोज सकाळी बाबा आधी तो आकडा बघायचे आणि मग माझ्या आईकडे, जणू मोठी बोली लावून आलेत. बारावर आले, अकरावर आले, दहावर आले.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला तर गोलात साठ.

बाबा त्या साठकडे बघत राहिले. मग उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले, ते दुपारपर्यंत तिथेच. संध्याकाळी आईने कसेबसे बसवले. मन उडालेलं, शब्द रेंगाळत आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी आकडा आला चौदा, म्हणजे सगळं सुरळीत. पुन्हा चार दिवस मेहनत, पुन्हा एका सकाळी साठ. मग तिसऱ्यांदा साठ. आणि त्यानंतर आकडा जो अकराबारावर अडकून बसला तो हलेचना.

बाई म्हणाल्या, "सोमवारी एकदा बघते. असंच अडकलेलं असेल तर लॅपटॉप पुढच्या पेशंटला द्यावा लागेल, रांग मोठी आहे. काही जणांची मजल इथवरच असते हो." आईने मान डोलावली. मला मात्र असा राग आला की विचारू नका. मजल इथवरच! ज्या माणसाने अख्खा बाजार जिभेवर पेलला त्याची मजल दोन शब्दांत ठरवून मोकळ्या झाल्या!

म्हणून रविवारी सकाळी मी ह्यांना ओढत माहेरी आणलं, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि म्हटलं, "तुमच्या फाइलमध्ये खोट आहे. काढा शोधून."

"माझ्या फाइलमध्ये खोट नाही," हे म्हणाले. "मधे विंडोजचा अपडेट आला होता. त्यानेच काहीतरी केलं असणार."

"अपडेट एकदा आला. साठ तीनदा आला."

"मग अँटिव्हायरस. नाहीतर फाइलला लिहायची परवानगी मिळत नसेल. किंवा आईंनी काहीतरी दाबलं असेल."

"मी काही दाबलेलं नाही हं," आई ओट्याकडून म्हणाली. "मला आता त्या यंत्राकडे बघायचीसुद्धा भीती वाटते."

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. तरी हे बिचारे कामाला लागले. परवानग्या बघितल्या, अँटिव्हायरस बंद करून बघितला, बॅच फाइल अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली, साधी चालवली. दर वेळी सेटिंगच्या फाइलमध्ये बरोब्बर बारा येत होते, कालच्या सरासरीइतके.

"बघ," हे म्हणाले. "चालतंय."

"चालतंय तेव्हा चालतंयच. न चालताना दाखवा."

माझं काम स्क्रूच्या कारखान्यात तपासणीचं आहे. तिथला पहिला धडा हाच, की चांगले नग बघून काही शिकता येत नाही. खोटा नग हातात यावा लागतो, मग तो कुठल्या पाळीचा, कुठल्या यंत्राचा, असं मागे मागे जाता येतं. आणि इथे खोटा नग हातातच येत नव्हता. हे जांभया द्यायला लागले म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले.

तिथे आई चहा गाळत होती. बाबा शेजारी. आईने नेहमीच्या सवयीने गाळणं उचलून विचारलं, "हे काय?"

"गाळणं," बाबा म्हणाले.

लगेच. मी चहाचा कप तोंडाशी नेला होता तो तसाच राहिला. आईने झाकण उचललं. "झाकण." चिमटा उचलला. तिथे जरा अडखळले, ओठ दोनदा जुळले, पण आले: "चिमटा." तीन-चार सेकंद, फार तर पाच.

मी म्हटलं, "बाबा, जरा बाहेर या. मशीनवर चार चित्रं करून दाखवा मला."

ते बसले. छत्रीचं चित्र आलं. बाबा गप्प. गोल फिरतोय, बाबा छत्रीकडे बघतायत, चेहऱ्यावर घाम नाही, धडपड नाही. मग मला त्यांचा डावा हात दिसला. टेबलाखाली, गुडघ्यावर, एक बोट ठेक्यात आपटत होतं. लिलावात शेवटची बोली आली की हातोडा मारण्याआधी ते असंच मोजायचे, मांडीवर बोट आपटत, कुणाला दिसू न देता. मीही मोजू लागले. अकराव्या ठोक्याला बाबा म्हणाले, "छत्री," आणि बटण दाबलं. पुढे किल्ली आली. अकरा ठोके, "किल्ली." मग घड्याळ आलं, तेव्हाही तसंच.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही शब्द धरून ठेवताय?"

त्यांनी मान वळवली. मूग गिळून बसलेला माणूस मी ओळखते, तीस वर्षं बघितलाय.

"का पण?"

मग त्यांनी गोलातल्या आकड्याकडे बोट केलं, ते बोट खाली खाली नेलं आणि एकदम वर, हवेत. "साठ," ते म्हणाले. आणि हात हलवला. "नको. साठ... नको."

मला रडूच आलं. किती दिवस हा माणूस तोंडात आलेला शब्द गिळून बसत होता! चांगलं बोललं की दुसऱ्या दिवशी शिक्षा, वाईट बोललं की सगळं ठीक, हे त्यांनी ओळखलं होतं, आणि सांगायला शब्द नव्हते. आम्ही समजत होतो त्यांची गाडी अडकलीय. ते स्वतःच ब्रेक दाबून बसले होते.

मी डोळे पुसले आणि ह्यांना म्हटलं, "दहाच्या खाली गेलं की साठ होतं."

"काहीतरीच. कॉम्प्युटरला दहा काय आणि नऊ काय!"

"सरासरीच्या फाइलमध्ये हाताने नऊ लिहा. बाकी कशाला हात लावू नका."

ह्यांनी नऊ लिहिलं, बॅच फाइल चालवली, प्रोग्राम उघडला. साठ.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ह्यांनी दहा लिहिलं: दहा आले. नऊ: साठ. सात: साठ. अकरा: अकरा. पुन्हा नऊ: पुन्हा साठ. आता भांडण कुठल्या कुठे गेलं. हे खुर्चीच्या कडेवर आले, मी त्यांच्या खांद्यावरून वाकले, आई पदराला हात पुसत मागे उभी राहिली आणि बाबांनी तर आपली खुर्चीच जवळ ओढली. खोटा नग सापडला होता, आणि तो मागवला की येत होता. ह्याच्यासारखं सुख नाही.

"सेटिंगची फाइल उघडा," मी म्हटलं.

उघडली. भाषा होती, आवाज होता, चित्रांचा आकार होता. "वेट"ची ओळच नव्हती.

"म्हणून साठ," हे म्हणाले. "ओळ मिळाली नाही की प्रोग्राम आपला मूळ आकडा घेतो. पण ओळ गेली कुठे?"

"ती काळी खिडकी मिटू देऊ नका. बघू तरी आत काय असतं."

ह्यांनी बॅच फाइलच्या शेवटी "पॉज" लिहिलं, नऊ ठेवून चालवली. काळी खिडकी या वेळी उघडी राहिली. आणि तिच्यात एकटीच, कुणी न बोलावलेली, आमची ओळ पडली होती: वेट, बरोबरचं चिन्ह, आणि पुढे काही नाही.

"अगंबाई," आई म्हणाली, "ही इथे सांडलीय होय!"

"पण नऊ कुठाय?" मी विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. फाइलमध्ये नव्हता, खिडकीत नव्हता. ह्यांनी गंमत म्हणून एक लिहून बघितला, तर वेगळाच प्रकार: ओळ गपगुमान फाइलमध्ये गेली, पण एक गायब. हे चार वेळा "अस्सं, अस्सं" म्हणाले, आपलीच फाइल उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि मग कपाळावर हात मारला.

ओळीच्या शेवटी दोन बाण होते. बाणांचा अर्थ: हा मजकूर त्या फाइलमध्ये ओता. बाणांना अगदी चिकटून आकडा. आणि एकटा, सुटा आकडा बाणाला चिकटलेला दिसला की विंडोज त्याला मजकूर समजतच नाही. त्याला वाटतं, हा नळाचा नंबर. एक नंबरच्या नळातून मजकूर येतो, म्हणून एक लिहिल्यावर ओळ पोचली आणि एक वापरला गेला. नऊ नंबरच्या नळाला पाणीच नाही, म्हणून फाइलमध्ये काही पडलं नाही आणि ओळ खिडकीत सांडली. बारा लिहिले की दोन आकडे एकमेकांना धरून असतात, तेव्हा ही गफलत होत नाही.

"म्हणजे दोन आकडी असेल तोवर ठीक," मी म्हटलं.

"दोन आकडी असेल तोवर ठीक," हे म्हणाले. त्यांनी बाण उचलून ओळीच्या आधी नेऊन ठेवले, मजकूर नंतर. सेव्ह केलं. नऊ घालून चालवलं. गोलात नऊ.

आईने टाळी वाजवली. मी ह्यांना चिडवायला तोंड उघडलं, इतक्यात हे बाबांकडे वळून बसले.

"बाबा, चूक माझी होती," हे म्हणाले. "लिहिताना मी साठ घालून बघितलं, तीस घालून बघितलं, बारा घालून बघितलं. नऊ घालून बघावं असं मनातच आलं नाही. तुम्ही दहाच्या आत याल, असं मला..." आणि पुढचा शब्द ह्यांनाच सापडेना.

मला ह्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मला विचारलं असतं तर मीही बारावरच थांबले असते. आईसुद्धा. थेरपिस्ट बाई तर थांबल्याच होत्या. दहाच्या खाली जाण्याचा विचार या घरात फक्त एकाच माणसाने केला होता, आणि त्याला तिथून तीनदा परत पाठवलं गेलं होतं.

बाबा जावयाकडे बघत होते. रागाने नव्हे, जरा निरखून, जसे ते बाजारात पेटी उघडून वरचं फळ बाजूला सारून खालचं बघायचे. मग त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे फिरवला. चित्र आलं, टोपी. "टोपी." बोटाने गुडघ्यावर ठोका दिलाच नाही. "दार. साबण." एकावर गाडी अडली, होडीवर, घाम आला, गोल लाल झाला, तरी ते थांबले आणि "होडी" म्हणूनच पुढे गेले. आई तोंडावर पदर धरून रडत होती आणि हसतही होती.

दहाबारा चित्रं झाल्यावर त्यांनी बटणावरचा हात काढला. ह्यांच्याकडे मान वळवली. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. आम्ही कुणीच मदतीला गेलो नाही.

"जावईबापू," बाबा म्हणाले. "एकच्या... खाली... आलो तर?"

ह्यांनी लॅपटॉप ओढून घेतला, सरासरीच्या फाइलमध्ये शून्य लिहिलं आणि चालवून बघितलं.