थांबवायचं बटण

"अहो, बंद होत नाहीये!"

बायको लाल बटण दाबत होती. पुन्हा पुन्हा दाबत होती. टेबलावरचे यंत्र मात्र किंचाळतच होते. कटर आवळायचा पाना यंत्राने भिरकावला होता. तो तिच्या कानाजवळून गेला आणि भिंतीचा टवका उडवून खाली पडला.

नवरा दारातच उभा होता. प्लग तीन पावलांवर. पण पाय उंबऱ्याला खिळल्यासारखे झाले. शेवटी तिनेच वाकून प्लग उपटला.

"लागलं का गं?" स्वतःचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

"नाही." ती भिंतीला टेकली.

"माझ्याच्यानं हलवलंच नाही."

"पाहिलं मी." तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळेच ते जास्त लागले.

एकवीस वर्षांपूर्वी कारखान्यातल्या प्रेसने त्याच्या उजव्या हाताची अडीच बोटे नेली होती. सोबती त्याला 'साडेसात' म्हणू लागले. तोही हसून म्हणे, "लोकांची साडेसाती सुटते, माझी हातालाच चिकटलीय." पुढची नोकरी त्याने गोदामात नोंदी करत काढली. घरी मिक्सर लागला, तरी तो बाहेर जाऊन बसे.

बायको चित्रकलेची शिक्षिका. निवृत्त झाल्यावर लहान मुलांसाठी लाकडी कोडी कापायची म्हणून तिने कॉम्प्युटरवर चालणाऱ्या या यंत्राचे सुटे भाग मागवले आणि पुस्तिका वाचून स्वतःच जोडले. तीन आठवडे कधी यंत्राचा कटर उलट्या दिशेला सरके, कधी कॉम्प्युटर यंत्राला ओळखच दाखवत नसे. आज पहिल्यांदाच तिने कटरची मोटर जोडली होती. कॉम्प्युटर पुन्हा रुसला, म्हणून तिने केबल काढून पुन्हा खोचली आणि मोटर आपोआप सुरू झाली. पाना कटरवरच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून तो त्या खोलीत शिरला. प्लग काढलेला आहे हे त्याने दोनदा पाहिले. मग एकेक वायर बोटाने धरून शेवटपर्यंत नेली आणि कॉम्प्युटरमधली सेटिंग वाचली.

"हे बटण नुसतं यंत्राच्या सर्किट बोर्डाला जातंय," तो म्हणाला. "बोर्ड मोटरला 'बंद' म्हणतो. पण कॉम्प्युटरमध्ये सेटिंग उलटी पडलीय. 'बंद' म्हटलं की मोटर सुरू."

"म्हणजे मी थांबवायला दाबत होते, तेव्हा..."

"तेव्हा तू तिला पळ म्हणत होतीस."

तिने पुस्तिका उघडली. "अहो, पुस्तिकेत तर असंच जोडायला सांगितलंय."

"पुस्तिकेला बोटं नसतात."

सेटिंग तिने सुलटी केली. मोटरची वीज थेट लाल बटणातून नेण्याचे काम त्याने घेतले. स्क्रू सारखे निसटत होते.

"धरू का?"

"नको." थोड्या वेळाने तो म्हणाला, "धर."

दुपारी त्याने तिला पलीकडे उभे केले आणि मोटर सुरू केली. त्याने बटण दाबले. मोटर थांबली. "पुन्हा," तो म्हणाला. अशी अकरा वेळा परीक्षा झाली. दर वेळी दाबण्याआधी त्याचे डोळे मिटत.

मग तिने फळी बसवली. कोडे कापायला चाळीस मिनिटे लागली. तिने मागे खुर्ची ठेवली; तो बसला नाही. तळवा बटणावर, नजर कटरवर.

"झालं हो," शेवटी ती म्हणाली. "काढा आता हात."

"थांब जरा."

कटर कधीच थांबला होता. त्याच्या मनगटावर बारीक भुसा साचला होता. तिने हलकेच फुंकर घालून तो उडवला आणि ती तशीच त्याच्या शेजारी उभी राहिली.